‘ॲडव्हान्स वॉर्स’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

क्योटोच्या इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीचे, पाळीपाळीने खेळायचे व्हिडिओ युद्धखेळ शिकायचे तुम्ही ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. ही मालिका १९८८ च्या ‘फॅमिकॉम वॉर्स’पासून चालत आलेली असली, तरी आरंभ २००१ च्या ‘ॲडव्हान्स वॉर्स’नेच करावा, कारण त्यातील सरावाच्या लढाया एकेक नियम सावकाश शिकवतात.

पहिली गोष्ट म्हणजे पायदळाला कमी लेखू नका. महागड्या रणगाड्यासाठी पैसे साठवत बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. पायदळाची तुकडी फक्त १००० मध्ये मिळते आणि जिंकलेले प्रत्येक शहर दररोज (खेळातला एक दिवस म्हणजे प्रत्येक बाजूची एकेक पाळी) तेवढेच उत्पन्न देते. शहराचे २० गुण असतात आणि ते घेणारी तुकडी दररोज आपल्या बळाइतके गुण कमी करते. पूर्ण दहा बळाची तुकडी ते दोन दिवसांत घेते, पण बळ पाचवर आले की चार दिवस लागतात, म्हणून शहर घेणाऱ्या तुकडीला आधी लढाईत झिजवू नका.

दुसरी गोष्ट तोफखान्याची. साधी तोफ नकाशावरील दोन ते तीन घरे दूरच्या शत्रूवर मारा करते, मात्र हलल्यावर त्याच दिवशी डागता येत नाही आणि शेजारी आलेल्या शत्रूला उत्तरही देत नाही. तिच्यापुढे रणगाडा उभा हवाच.

शक्यतो पहिला वार तुमचा असू द्या, कारण घायाळ तुकडीचा प्रतिहल्ला दुबळा पडतो.

सेनापतींच्या विशेष शक्ती आणि धुक्यातील लढाई (जिथे दूरचा शत्रू दिसत नाही) तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या पाच-सहा मोहिमा झाल्या की कुठे अडले ते अवश्य कळवा.