जनुकं तीच, मग हृदय म्हातारं कसं होतं?

वयानुसार हृदयातली कुठली जनुकं चालू होतात आणि कुठली बंद पडतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. ठाण्यात ज्येष्ठ नागरिकांपुढे त्याबद्दल बोलले, त्यानंतर आलेल्या प्रश्नांतले हे चार.

जनुकं जन्मापासून तीच असतात ना? मग वयानुसार बदलतं काय? (वाशी)

बदलतो तो त्यांचा वापर. घरात रोजची भांडी हाताशी असतात, सणासुदीची माळ्यावर. पेशीतही डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. लागणाऱ्या जनुकांचा भाग सैल, बाकीचा घट्ट. वय वाढतं तशी ही मांडणी विस्कटते. रोज लागणारं हाताशी सापडत नाही, आणि गर्भावस्थेनंतर माळ्यावर गेलेली काही जनुकं ताण आला की पुन्हा खाली येतात.

बायपासच्या वेळी कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, टोकाचा नखाएवढा तुकडा, रुग्णाच्या संमतीने, आमच्याकडे येतो. काही मिनिटांत तो द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो, कारण कुठलं जनुक चालू होतं हे सांगणारा आरएनए फार लवकर नष्ट होतो. सूक्ष्मदर्शकाखाली म्हाताऱ्या स्नायुपेशीत केंद्रकाच्या दोन्ही टोकांना पिवळट-तपकिरी कण दिसतात. हे लिपोफ्युसिन, पेशीला बाहेर टाकता न आलेला कचरा. तो साचतो, कारण पेशीच जुन्या असतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून हिशोब मांडला: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्याने येतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. म्हणजे आपल्या हृदयातल्या निम्म्याहून अधिक स्नायुपेशी जन्मभराच्या सोबती आहेत. मला हे दर वेळी थक्क करतं.

बाबा ७१ वर्षांचे. इकोमध्ये ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ आलं. हृदय निकामी होतंय का? (कोपरी)

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. या वयात हा शेरा अगदी नेहमीचा आहे. ठोका पडून गेल्यावर स्नायू सैल व्हायला कॅल्शियम परत ओढून घ्यावं लागतं. ते काम सर्का नावाचा पंप करतो, आणि वयानुसार त्याचा जोर कमी होतो. त्यामुळे हृदय आकुंचन पावतं नीट, सैल व्हायला मात्र वेळ घेतं. हेच ते डायस्टोलिक डिसफंक्शन. बाबांचा रक्तदाब ताब्यात ठेवा. जिना चढताना धाप लागत असेल, पाय सुजत असतील, तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. ते एनटी-प्रोबीएनपी ही, हृदयावरचा ताण दाखवणारी, रक्ततपासणी सांगू शकतात.

बाबांनी मासुंदा तलावाभोवतीच्या फेऱ्या चालूच ठेवाव्यात. पण त्याहून तुम्हाला सांगते. अमेरिकेत डॅलसच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं, की बैठं काम करणाऱ्या ४५ ते ६४ वयाच्या लोकांनी दोन वर्षं, आठवड्यातून चार-पाच दिवस देखरेखीखाली नीट व्यायाम केला, तेव्हा हृदयाचा डावा खालचा कप्पा पुन्हा लवचिक झाला. चाळिशी-पन्नाशीत असाल तर आत्ताच सुरू करा.

लाळेवरून ‘जैविक वय’ सांगणारं किट घेऊ का? (घणसोली)

हृदयासाठी नको. लाळेतल्या पेशींतली जनुकांची मांडणी हृदयातल्यापेक्षा वेगळी. त्या पैशांत रक्तदाब मोजायचं चांगलं यंत्र येतं, ते घ्या.

भाऊ ४९व्या वर्षी झोपेत गेला. हृदयाचा स्नायू जाड होता म्हणाले. मला काही त्रास नाही, तरी तपासावं का? (खारघर)

ताई, वाईट वाटलं वाचून. हो, नक्की तपासा. स्नायू जाड होण्याचा एक प्रकार घराण्यात चालतो, म्हणून तुम्ही, भावाची मुलं, इतर भावंडं, आई-वडील, सगळ्यांचा ईसीजी आणि इको व्हायला हवा. दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत या आजाराशी जोडलेल्या मायबीपीसी३ या जनुकातली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असतात. अहवालात ते दिसलं तर लगेच धास्तावू नका, कारण ती घेऊन कित्येक जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. जनुकीय तपासणी करायची तर समुपदेशकाशी बोलूनच. आजचा इको नॉर्मल आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा, हा आजार पन्नाशीनंतरही डोकं वर काढतो. आणि जाताना भावाचे जुने रिपोर्ट, शवविच्छेदन झालं असेल तर तो अहवालही, सोबत न्या.