‘टेक शेप’चा अर्थ काय? पूल ‘इज टेकिंग शेप’ म्हणजे तो पूर्ण झाला का?

नाही, पूर्ण झालेला नाही. पेपरात ‘द ब्रिज इज टेकिंग शेप’ वाचून काम उरकले असे तुम्हाला वाटले. इंग्रजी शिकवताना हा गोंधळ मला नेहमी दिसतो. ‘टेक शेप’ म्हणजे आकाराला येणे, आणि तेही अजून येत असणे.

आमच्या गोव्यात चवथीआधी घरचा पाट चित्रशाळेत पोचवतात आणि गणपती त्याच पाटावर घडतो. मळलेल्या चिकणमातीचा नुसता गोळा ठेवलाय, तेव्हा हा वाक्प्रचार लागू नाही. बैठक झाली, मांडी वळली, पोट भरले, सोंड लावून वळवली की दारातून डोकावणारे पोरही ‘गणपती!’ म्हणते. हात अजून व्हायचे आहेत, रंग तर लांबच. ‘द आयडल इज टेकिंग शेप’ हे वाक्य नेमके या टप्प्याचे. रंग वाळून डोळे आखून झाले, की ते वापरू नका.

पुलाचेही तेच. आगशी ते कुठ्ठाळी नवा जुवारी पूल बांधताना खांब वर चढत होते, केबल ताणल्या जात होत्या, तेव्हा ‘टेकिंग शेप’ म्हणणे चोख होते. २०२२च्या डिसेंबरात एक बाजू रहदारीला खुली झाली; त्या बाजूसाठी मग ‘ओपन्ड’ म्हणायचे. दुसरी बाजू २०२३च्या डिसेंबरात खुली झाली, तोवर तिच्यापुरते ‘टेकिंग शेप’ चालले असते.

न दिसणाऱ्या गोष्टींनाही हे लागते: बेत, विचार, एखादा संघ. भूतकाळात मात्र अर्थ थोडा सरकतो. ‘टुक शेप’ म्हटले की घडण होऊन गेली. ‘आजचा गोवा टुक शेप इन द एटीन्थ सेंच्युरी’ असे इतिहासाचा विद्यार्थी बिनधास्त लिहू शकतो, कारण तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेले मुलूख, सोळाव्या शतकातल्या, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा वगैरे नव्या काबिजादी जोडल्या गेल्या त्या अठराव्या शतकात.

रचनेत एक पथ्य पाळा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कर्ता ती वस्तूच असते, घडवणारा माणूस नव्हे. ‘द प्लॅन टुक शेप’ बरोबर. ‘वी टुक शेप द प्लॅन’ चूक, तिथे ‘वी शेप्ड द प्लॅन’ हवे. मध्ये ‘अ’ घालू नका. ‘टेक द शेप ऑफ’ वेगळे, त्यात एक गोष्ट दुसरीचे रूप धारण करते.

‘शेप अप’शी तर गल्लत मुळीच नको. माणसाला ‘शेप अप’ म्हटले की ‘सुधार आता’ अशी तंबी होते. साहेबांना पाठवायच्या ईमेलमध्ये कामाची प्रगती सांगताना ‘प्लीज शेप अप’ गेले तर पंचाईत. तिथे ‘द प्रोजेक्ट इज टेकिंग शेप’ लिहा आणि कुठवर आलेय ते पुढच्या ओळीत सांगा.