लाखाच्या पगारावरून सदतीस हजारांच्या विद्यावेतनावर

प्रश्न (संक्षेपाने): माझे वय ३१ असून मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हातात १,१५,००० रुपये येतात. संगणकीय भाषाविज्ञानात, मराठीच्या बोलींवर, पूर्णवेळ पीएचडी करण्यासाठी मी येत्या जुलैच्या सत्राकरिता आयआयटी मुंबईला अर्ज केला आहे. तेव्हा नोकरीला चार वर्षे दहा महिने होतील. फ्लॅटच्या कर्जाचे २६ लाख आणि १४ वर्षे बाकी असून हप्ता २६,१०० आहे; फ्लॅट भाड्याने दिला तर १८,००० येतील. आई सांगलीला असते, तिला मधुमेह आहे, तिला दरमहा १५,००० पाठवते. मुदत ठेव ६ लाख, इक्विटी म्युच्युअल फंड १४ लाख, भविष्य निर्वाह निधी ९ लाख. नोकरी सोडणे परवडेल का?

उत्तर: परवडेल, मात्र राजीनाम्यापूर्वी काही कामे उरकलेली असतील तरच, आणि त्या कामांचा क्रम चुकवून चालणार नाही.

आधी मोठा आकडा पाहू, कारण घरातले लोक तोच पुढे करतील. पगार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला असता असे धरले, तर पाच वर्षांत हाती सुमारे ८१ लाख आले असते. विद्यावेतन पहिली दोन वर्षे ३७,००० आणि मूल्यमापनानंतर ४२,००० या हिशेबाने २४ लाख होते. म्हणजे ५७ लाखांची तफावत आहे, आणि तीत कंपनीकडून भविष्य निर्वाह निधीत पडणारी रक्कम धरलेलीच नाही. विद्यावेतन दरवर्षी वाढत नाही, हेही ध्यानात घ्या: २०१९ मध्ये ते ३१,००० झाले, त्यानंतरची वाढ १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. पुढची वाढ गृहीत धरू नये. पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम ७०,००० पासून सुरू होते हे खरे, पण ती मंजूर झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत तिला आपल्या हिशेबात जागा नाही.

हे ५७ लाख पुढे भरून निघतील, अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० आहे. उद्योगातील संशोधन विभागात याहून बरेच अधिक मिळू शकते, पण भाषा-तंत्रज्ञानाचे क्षेत्र गेल्या काही वर्षांत इतके पालटले आहे, की पाच वर्षांनंतरच्या पगाराचे भाकीत करणे हा माझ्या मते निव्वळ अंदाजपंचे कारभार होईल. ज्या संस्थेत मराठी शब्दबंध (शब्दांचे अर्थसंबंध दाखवणारा संगणकीय कोश) घडला, तिथे बोलींवर काम करण्याची इच्छा असेल, तर ही रक्कम त्या इच्छेसाठी केलेला खर्च समजावी, गुंतवणूक नव्हे. प्रश्न उरतो तो दरमहाच्या तोंडमिळवणीचा.

आज ती होत नाही. ३७,००० मधून २६,१०० हप्ता गेला, की आईंना पाठवण्याइतकेही उरत नाहीत. म्हणून म्युच्युअल फंडांतून १२ लाख काढून कर्जात भरावेत. एरवी मी अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्याचा आग्रह धरतो, कारण व्याज त्यातच अधिक वाचते. आपण मात्र उलट करावे. बँकेला लेखी अर्ज देऊन मुदत तीच ठेवावी आणि हप्ता कमी करून घ्यावा. नुसते पैसे भरले तर बऱ्याच बँका आपण होऊन मुदत कमी करतात. आपल्या कर्जाच्या सुमारे सव्वाआठ टक्के दराने नवा हप्ता १४,१०० च्या आसपास येईल. व्याजदर बदलता असल्यामुळे वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर बँक दंड आकारू शकत नाही. फ्लॅट आपण लिहिल्याप्रमाणे १८,००० भाड्याने गेला, तर सोसायटीचा देखभाल खर्च वजा जाता हप्ता भाड्यातूनच सुटतो. भाडेकरू बदलताना एखाददुसरा महिना घर रिकामे राहीलच, तो फटका मुदत ठेवीने सोसायचा आहे.

युनिट विकताना अर्धी ३१ मार्चपूर्वी आणि अर्धी एप्रिलमध्ये विकावीत, म्हणजे दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील सव्वा लाखाची करमुक्त मर्यादा दोन आर्थिक वर्षांत दोनदा मिळेल. त्यावरील नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. प्रवेश पक्का होईपर्यंत ही रक्कम लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या, कमी जोखमीच्या फंडात) राहू द्यावी. मुदत ठेवीचे ६ लाख आणि फंडातले उरलेले २ लाख ही आपली गंगाजळी. तिला हात लावू नये, कारण विद्यावेतन कधी कधी रखडते आणि मग तीन-चार महिन्यांचे एकदम जमा होते. भविष्य निर्वाह निधीही तसाच ठेवावा. फक्त नोकरी सुटल्यानंतर जमा होणारे व्याज करपात्र धरले जाते, ते विवरणपत्रात दाखवावे. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर कर नाही.

मला खरी धास्ती वाटते ती आईंच्या विम्याची. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याचे छत्र आपल्या कामाच्या शेवटच्या दिवशी संपते, आणि मधुमेह असलेल्या व्यक्तीला नव्या पॉलिसीत पूर्वीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज निदान दोन महिने आधी करावा; त्यात सामूहिक विम्यातली वर्षे प्रतीक्षाकाळात धरली जातात. आपला मुदत विमाही पगार चालू असतानाच घ्यावा, कारण विमा कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात आणि विद्यावेतनावर पुरेसे संरक्षण देण्यास खळखळ करतात. आईंचे १५,०००, वसतिगृहात राहून स्वतःचा खर्च १२,०००, आईंच्या विम्याचा हप्ता साडेतीन हजार आणि आपल्या आरोग्य व मुदत विम्याचे दोन हजार धरले, तर महिन्याला साडेचार हजार शिल्लक राहतात. त्यातूनच सत्राचे शुल्क भरायचे आहे. नवी एसआयपी पाच वर्षे विसरावी. पूर्णवेळ शिष्यवृत्तीच्या काळात अन्य पगारी काम करता येत नाही, त्यामुळे फावल्या वेळच्या कमाईचा विचार मनात आणू नये.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे लागतात. मात्र चार वर्षे आणि २४० दिवस पुरेसे मानणारा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. काही कंपन्या तो पाळतात, काही नाही. मूळ वेतन ५२,००० असल्यास ही रक्कम दीड लाख होते, तेव्हा मनुष्यबळ विभागाकडून आधीच लेखी उत्तर घ्यावे. नकार आला, तर आयआयटी मुंबईत जानेवारीतही पीएचडीचे प्रवेश होतात. मात्र मार्गदर्शक तोवर थांबायला तयार नसतील, तर दीड लाखासाठी जागा घालवू नये. आईंची पॉलिसी हाती नसेल, तर मात्र सहा महिने जरूर थांबावे.