शिकागोहून दोन दिवसांसाठी ग्रीन बेला जावं का? फुटबॉल न कळणाऱ्यांना तिथं काही बघण्यासारखं आहे का?

जा, नक्की जा. मी मिलवॉकीत राहतो आणि गेल्या नऊ वर्षांत घरी आलेल्या बहुतेक पाहुण्यांना विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बेला घेऊन गेलोय. तुम्ही लिहिलंय की मुलाला अमेरिकन फुटबॉलचं वेड आहे, पण भारतातून आलेल्या सत्तरीतल्या आई-बाबांना त्यातलं काही कळत नाही, मग त्यांना दोन दिवस पॅकर्स संघाच्या स्टेडियमभोवती कशाला फिरवायचं? रास्त प्रश्न आहे. म्हणूनच सांगतो, सुरुवात स्टेडियमपासून करू नका, नदीपासून करा. पहिल्या खेपेला आम्ही नुसतं स्टेडियम बघून परतलो होतो आणि निम्मं गाव बघायचं राहून गेलं.

मिशिगन सरोवराचा एक लांब फाटा आत घुसलाय, त्याच्या टोकाला फॉक्स नदी येऊन मिळते. हे गाव इथंच का वसलं, याचं उत्तर या नदीत आहे. होडी घेऊन तिच्या उगमाकडे जात राहिलं की एक जागा अशी येते, जिथं होडी खांद्यावर घेऊन दोन-अडीच किलोमीटर चाललं की विस्कॉन्सिन नदी लागते, आणि ती पुढे मिसिसिपीला मिळते. म्हणजे कॅनडाकडून सरोवरांमार्गे आलेला माणूस जवळजवळ सगळा प्रवास पाण्यातून करत थेट खंडाच्या पोटात उतरू शकायचा. १६७३ मध्ये मार्केत आणि जोलिए हे दोघे फ्रेंच प्रवासी याच वाटेनं मिसिसिपीपर्यंत पोचले. मेनॉमिनी आणि हो-चंक या इथल्या मूळ लोकांना ही वाट त्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

त्याआधी १६३४ मध्ये जाँ निकोले हा फ्रेंच प्रवासी इकडे आला. पलीकडे चीनकडे जाणारा समुद्र असेल अशी तेव्हाच्या फ्रेंचांना आशा होती. जेझुइट पाद्र्यांच्या कागदपत्रांत वर्णन आहे की रंगीबेरंगी फुलं-पाखरं असलेला चिनी दमास्क या नक्षीदार कापडाचा झगा घालून आणि दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन तो लोकांसमोर गेला. तो नेमका कुठं उतरला यावर इतिहासकारांत वाद आहेत, पण गावाच्या ईशान्येला रेड बँक्सच्या परिसरात त्याचा पुतळा उभारलाय. तुमच्या वडिलांना इतिहासाची आवड असेल तर ही गोष्ट त्यांना गाडीतच सांगून ठेवा.

मग हेरिटेज हिलला जा. नदीकाठच्या उतारावर जुनी घरं जशीच्या तशी उचलून आणून मांडली आहेत. त्यातलं टँक कॉटेज १७७६ च्या सुमाराचं, विस्कॉन्सिनमधल्या सर्वांत जुन्या घरांपैकी एक. १८१६ मध्ये अमेरिकन सैन्यानं इथं फोर्ट हॉवर्ड बांधला, त्याचं इस्पितळही इथं आहे. मला स्वतःला फर व्यापाऱ्याची झोपडी सगळ्यात आवडते. बीव्हर या केसाळ पाणप्राण्याचं कातडं हातात घेऊन बघा. वरचे केस राठ लागतात, पण बोटं आत घातली की खाली दाट, मऊ लव लागते. युरोपातल्या टोप्यांसाठी हीच लव हवी असायची, आणि तिच्यापायी फ्रेंच, मग इंग्रज, मग अमेरिकन असे एकामागून एक इथं येत गेले. हे सगळं मला त्या एका कातड्यावरून जितकं कळलं, तितकं वाचून कळलं नव्हतं. ही जागा हंगामानुसार उघडी असते, निघण्याआधी वेळा बघून घ्या.

या इतिहासाची दुसरी बाजूही बघायला हवी. गावाला लागूनच ओनायडा या मूळ अमेरिकन लोकांचं राखीव क्षेत्र आहे. हे लोक मूळचे न्यूयॉर्क राज्यातले. तिथल्या जमिनी हातच्या गेल्या आणि १८२० च्या दशकापासून ते इथं येऊन वसले. त्यांचं स्वतःचं संग्रहालय आहे, तासभर पुरतो. फक्त किल्ला बघून आलात तर गोष्ट एकाच तोंडून ऐकल्यासारखी होईल.

आता स्टेडियम. ग्रीन बेची वस्ती जेमतेम १ लाख ७ हजार आणि लॅम्बो फील्डमध्ये माणसं मावतात ८१ हजारांहून जास्त. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो नावाचा तरुण इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला होता. कंपनीनं गणवेशासाठी ५०० डॉलर दिले, म्हणून संघ झाला पॅकर्स. त्या काळातले बाकीचे छोट्या गावांचे संघ बंद पडले किंवा मोठ्या शहरांत गेले, हा एकटा टिकला. का टिकला, तर त्याला कुणी एक मालकच नाही. १९२३ पासून अडचण आली की लोकांनी शेअर घेऊन पैसा उभा केला. आज ५ लाखांहून जास्त भागधारक आहेत. मागच्या वेळी शेअर ३०० डॉलरला होता. त्यावर ना लाभांश मिळतो, ना तो बाजारात विकता येतो. मिळतो तो मताचा हक्क आणि वार्षिक सभेचं निमंत्रण.

माझे सासरे आयुष्यभर सहकारी साखर कारखान्याचे सभासद. फुटबॉलचा एक नियम त्यांना ठाऊक नव्हता. पण हे ऐकल्यावर ते स्टेडियमच्या दालनातच थांबले आणि मला प्रश्न विचारायला लागले. संचालक कोण निवडतं? कर्ज कोण फेडतं? नफा झाला तर जातो कुठं? शेवटी म्हणाले, "म्हणजे संघ गावाचाच आहे." त्यानंतर पूर्ण टूर त्यांनी कान देऊन ऐकली. तुमच्या आई-बाबांनाही खेळाच्या नियमांऐवजी हेच आधी सांगा.

टूरमध्ये खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात, तिथून तुम्हालाही नेतात. जुन्या बोगद्यातलं थोडं काँक्रीट तिथल्या जमिनीत बसवलंय, त्यावर पाय ठेवूनच पुढे जायचं. ३१ डिसेंबर १९६७ चा 'आइस बोल' सामना याच मैदानावर झाला. तापमान उणे २५ अंश सेल्सियस. मैदान तापवायची खालची यंत्रणा बंद पडली, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या आणि त्यांनी ओरडून खेळ चालवला. शेवटची काही सेकंद उरली असताना पॅकर्सचा बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन रेषेपलीकडे घुसला आणि पॅकर्सनी डॅलसला २१-१७ नं हरवलं. मुलाला हे पाठ असेलच, त्याला आजोबांना सांगू द्या.

पण मला विचाराल तर सामन्याच्या दिवशी जाऊच नका. हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात, आणि वर्षभराच्या तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. तुमच्यासाठी जुलैअखेर ते ऑगस्ट, सराव शिबिराचे दिवस उत्तम. सकाळी स्टेडियमबाहेर मुलं आपापल्या सायकली घेऊन रांगेत उभी असतात. खेळाडू बाहेर येतो, एक सायकल निवडतो आणि तीवर बसून रस्त्यापलीकडच्या सराव मैदानाकडे निघतो. सायकलवाला मुलगा त्याचं हेल्मेट छातीशी धरून शेजारून पळतो. मी पाहिलं ते असं : दीडशे किलोच्या आसपासचा गडी, खाली छोटी गुलाबी सायकल, गुडघे दोन्हीकडे बाहेर. आणि सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या डोक्याच्या दुप्पट हेल्मेट सांभाळत, एकदाही नजर न वळवता पळत होती. मैदानाच्या फाटकाशी त्यानं सायकल स्टँडवर नीट लावली, हेल्मेट घेतलं आणि वाकून तिच्याशी काहीतरी बोलला. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

उरलेल्या वेळात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय बघा. 'बिग बॉय' हे वाफेचं अजस्र इंजिन तिथं आहे, अशी फक्त २५ बनली होती. संध्याकाळी नदीच्या वरच्या अंगाला डी पीअर या शेजारच्या गावात पुलावर बसा. उन्हाळ्यात बंधाऱ्याखाली पांढरे पेलिकन मासे टिपत असतात, आणि आई-बाबांना चालावंही लागत नाही.

खाण्याचं म्हणाल तर ताजे चीझ कर्ड्स, म्हणजे चीझचे ताजे तुकडे घ्या, दाताखाली कुरकुर वाजले की ताजे समजायचं. घरात कडक शाकाहारी असतील तर त्यात प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते) आहे का, हे विचारून घ्या. बूया नावाचा स्थानिक रस्सा मात्र मांसाचा असतो.

शिकागोहून गाडीनं साडेतीन तास लागतात, मध्ये मिलवॉकीला जेवायला थांबता येईल. उन्हाळ्यातही पाण्याकाठी संध्याकाळी गार वारा असतो, आई-बाबांसाठी स्वेटर ठेवा. आणि शिबिराच्या दिवसांत जाणार असाल, तर मुलाची सायकल गाडीमागे बांधून न्या.