गाणं अपलोड करण्याआधी

प्रिय,

तुझं गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. आवाजात ओढ आहे, आणि दुसऱ्या कडव्यात ठेका जिथे क्षणभर अडवून धरला आहेस ती जागा फार सुंदर जमली आहे. शुक्रवारी अपलोड करू का, असं विचारलंस. मी म्हणेन, पंधरा दिवस थांब. गाणं कच्चं आहे म्हणून नव्हे, गाण्याभोवतीची कामं राहिली आहेत म्हणून. गाणं सगळीकडे पोचवणं आता एका दुपारचं काम झालंय. ते तुझ्या हातात राहील याची तजवीज मात्र तुलाच करावी लागते, आणि ती आधीच.

पहिली गोष्ट हक्कांची. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येतं त्या रेकॉर्डिंगचा. चाल तुझी, शब्द मैत्रिणीचे आणि रेकॉर्डिंगचा खर्च तिसऱ्याने केलेला, असं असेल तर दोन्ही हक्कांमध्ये माणसंही वेगळी आणि वाटेही वेगळे. एका पानावर लिहून काढा: कुणी काय केलं, कुणाचा किती टक्के वाटा, तारीख, सह्या. गिटार वाजवणाऱ्याला एकरकमी मानधन दिलंत की पुढच्या उत्पन्नातही हिस्सा, हेही त्यातच येऊ दे. मित्रांशी असं बोलायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण गाणं चाललं नाही तर कुणी काही विचारणार नाही. चाललं तर सगळे विचारतील, आणि तोवर कोण काय म्हणालं होतं हे प्रत्येकाला वेगळंच आठवत असेल.

तालाचा भाग तू इंटरनेटवरून घेतलेल्या बीटवर, म्हणजे तयार वाद्यसाथीच्या ट्रॅकवर, बांधला आहेस. तिचं लायसन्स शोध आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाच. स्वस्तातलं लायसन्स बहुधा नॉन-एक्सक्लुझिव्ह असतं. तीच बीट आणखी कितीतरी जणांना विकलेली असते, आणि किती स्ट्रीमपर्यंत, म्हणजे गाणं ऑनलाइन किती वेळा ऐकलं जाईपर्यंत, वापरायची यालाही पुष्कळदा मर्यादा असते. अशा बीटवरचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवायचं नाही. ती यंत्रणा ध्वनी जुळवून पाहते. तुझी नोंद झाली की त्याच बीटवर गाणाऱ्या अनोळखी लोकांच्या व्हिडिओंवर तुझ्या नावाने दावे लागू लागतात. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे तुझं गाणं सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्ममध्ये या नोंदणीसाठी साधी खूण करायची असते आणि ती घाईघाईत केली जाते. तू करू नकोस.

फॉर्मवरून आठवलं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा कोड मिळतो. तो लिहून ठेव. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललास आणि तेच रेकॉर्डिंग त्याच कोडने चढवलंस, तर जुनी स्ट्रीमसंख्या सहसा टिकते. नवा कोड घेतलास तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पैशाबद्दल थोडक्यात. स्पॉटिफायवर दर स्ट्रीममागे ठरलेली रक्कम नसते. जमलेल्या पैशातून, एकूण स्ट्रीममध्ये तुझा जेवढा वाटा तेवढा हिस्सा निघतो, आणि तो डिस्ट्रिब्युटरमार्फत तुझ्यापर्यंत येतो. ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात. २०२४ पासून तर आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या रेकॉर्डिंगचं मानधन मिळतच नाही. तेव्हा यावर घरखर्चाचा हिशेब मांडू नकोस. शिकवणं, कार्यक्रम, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणं, व्हिडिओंना संगीत देणं, बहुतेकांचं पोट याच कामांवर चालतं. त्यात जराही कमीपणा नाही, उलट हात तयार राहतो.

गाणं बाहेर पडलं की आठवड्याभरात "पैसे द्या, स्ट्रीम वाढवून देतो" असे मेसेज येतील. एकालाही उत्तर देऊ नकोस. त्यांनी आणलेले ऐकणारे बहुतेक वेळा माणसं नसतातच, संगणकाचे प्रोग्रॅम असतात. पकडले गेले की ते स्ट्रीम मोजणीतून वगळतात, गाणं काढून टाकलं जाऊ शकतं, डिस्ट्रिब्युटरला दंड बसतो आणि तो तुझ्याकडून वसूल होऊ शकतो. मला याहून वाईट वाटतं ते हे, की खोट्या आकड्यांत तुझे खरे ऐकणारे कुठे आहेत, त्यांना कुठलं गाणं आवडलं, हेच तुला दिसेनासं होतं. सुरुवातीला ते चाळीसजण असले तरी तेच तुझे. त्यांना ईमेल पत्ता मागून घे आणि नवीन काही केलंस की स्वतः लिही. फॉलोअर्स त्या त्या ॲपच्या ताब्यात असतात. पत्त्यांची यादी तुझ्याजवळ राहते.

तसंच मूळ रेकॉर्डिंगचं. मायस्पेस या संकेतस्थळावर एकेकाळी लाखो कलाकारांनी आपली गाणी ठेवली होती. सर्व्हर बदलताना २०१५ च्या आधीच्या गाण्यांच्या फाइली गेल्या, आणि २०१९ मध्ये ते जगाला कळलं. थोडी गाणी नंतर कुणा दुसऱ्याकडे सापडली, बाकीची गेली ती गेलीच. तू मला एमपी३ पाठवलीस. तुझ्याकडेही तेवढीच असेल तर आजच मूळ प्रोजेक्ट उघड आणि प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा, २४-बिट वेव्ह फाइल म्हणून काढून ठेव; एमपी३सारखा तिच्यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही. नुसती प्रोजेक्ट फाइल पुरत नाही, कारण काही वर्षांनी त्यातले प्लगइन, म्हणजे वापरलेली जोड-सॉफ्टवेअरं, चालतीलच असं नाही. एक प्रत स्वतःजवळ, दुसरी वेगळ्या जागी.

आता रेकॉर्डिंग. प, फ, भ आले की श्वासाचा झोत थेट माइकवर आपटतो आणि धप्प असा आवाज येतो. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला वळव, वीतभर अंतर ठेव, मध्ये पॉप फिल्टर लाव. खोलीचा घुमारा नंतर मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवताना, काढून टाकता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्या तोंडाशी गा, पाठीमागे जाड रजई टांग. आणि ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, एवढं घट्ट लावू नकोस. धृपदाच्या शेवटच्या शब्दावर तू वरच्या सुरावरून घसरत खाली येतोस, ती मींड त्याने चेचून टाकली आहे. ओळ पुन्हा गा. सूर तुझ्या गळ्यात आहे, मी ऐकलाय.

हेडफोनवर रात्र रात्र मिक्सिंग करतोस हे वाचून मात्र काळजी वाटली. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांहून जास्त ऐकू नये, असं कामाच्या जागांसाठी सांगितलं जातं, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २. आवाज कमी ठेव, तासाभराने उठ. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर मिक्सिंग बंद आणि थेट कानाचे डॉक्टर.

कागदावर सह्या झाल्या की फोटो पाठव. बीटचं लायसन्सही जोड, मी वाचून कळवते.

तुझी,
ताई