पगडी राहू दे, आधी ताट वाढ

अनेक आशीर्वाद.

तुझी एकांकिका दोनदा वाचली. मंडालेचा तुरुंग, १९१२ साल, सत्यभामाबाई गेल्याची तार येऊन पडलेली. प्रसंग नेमका हेरलास, शाब्बास. पण तार वाचल्यावर तुझे टिळक तिसऱ्याच वाक्याला ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ म्हणतात. अरे, ते वाक्य होमरूलच्या धामधुमीतलं, १९१६ चं. बरं, सालाची चूक दुरुस्त होईल. बायको गेल्याचं आत्ता कळलेला माणूस स्वयंपाक्यासमोर घोषणा देईल का, ते सांग.

हो, स्वयंपाकी. तुझ्या संहितेत तो ‘कैदी १’ आहे आणि त्याच्या वाट्याला दोन वाक्यं आलीत, दोन्ही ‘होय महाराज’ छापाची. मंडालेत टिळकांच्या स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक कैदीच दिलेला होता. मधुमेहामुळे टिळकांच्या खाण्यापिण्याला पथ्य. म्हणजे हा माणूस रोज त्यांच्या तोंडाकडे बघून वाढणारा. त्या दिवशी त्यानं ताट वाढलं असेल, मग पुढे काय झालं? ताट उचलावं की राहू द्यावं, हे त्याला कळत नाहीये, एवढ्यावर पाच मिनिटं नाटक उभं राहतं. ते तुलाच लिहावं लागेल. शाई द्यायचे नाहीत, म्हणून ‘गीतारहस्य’ पेन्सिलीनं लिहिलं गेलं, हे तू निवेदकाकडून सांगवलंयस. निवेदक काढून टाक. ताटाशेजारी पेन्सिल ठेव.

माझी एक फजिती सांगतो. सव्विसाव्या वर्षी मी टिळक केले होते. पगडी, उपरणं, लाल जोडा, सगळं भाड्यानं आणलेलं. एन्ट्रीला टाळी पडायची आणि मला वाटायचं, ती माझी. ती पगडीची असते बाबा, पगडी नुसती काठीवर ठेवून विंगेतून आणली तरी पडेल. मी नरड्याच्या शिरा ताणून बोलायचो. मे महिन्यातल्या एका प्रयोगाला घामानं मिशीचा गम सुटला. डावी बाजू लोंबायला लागली. मग काय करतो, ओठ जेमतेम हलवत, मान थोडी खाली घालून, समोरच्याकडे बघत हळू बोललो. प्रेक्षागृह चिडीचूप. प्रयोग संपल्यावर पडदा ओढणारे मामा म्हणाले, “आज पहिल्यांदा तुम्ही कोणाशी तरी बोलत होता.” मिशीचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मीही सांगितलं नाही.

‘कोणाशी तरी’ हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसलाय. कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये शिवाजी महाराजांना संभाजीसमोर उभं केलं, १९६२ साली. बेडेकरांनी टिळकांना आगरकरांसमोर आणलं. ‘गांधी विरुद्ध गांधी’त गांधीजी आपल्या मुलासमोर, हरिलालसमोर येतात. समोरचा तोलामोलाचा असला की नेता आपोआप माणूस होतो, त्यासाठी त्याला मुद्दाम रडवावं लागत नाही. नाहीतर ‘घरात मात्र हळवा’ ही वाटही आता चालून चालून गुळगुळीत झालीय. नेता विंगेत चष्मा पुसतो, की प्रेक्षक विरघळलेच! तुझ्या दुसऱ्या प्रवेशात हे आहे, मी पेन्सिलीनं खूण केलीय.

कधी कधी नेता रंगमंचावर आणावाही लागत नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त व्हाइसरॉय राहिलेल्या कर्झनचं नाव कुठंय? १९०७ साली प्रेक्षकांनी कीचकाला बघितलं आणि आपसूक ओळखलं. सरकारनंही ओळखलं, १९१० मध्ये बंदी आली. महाभारतातल्या कथेवर बंदी घालायची म्हणजे ‘हो, तो कीचक आमचाच’ असं लिहून देणंच की.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चं तुला ठाऊक असेलच. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात उभं राहिलं आणि नाना फडणवीस स्त्रीलंपट दाखवले म्हणून गदारोळ झाला. एकोणीस प्रयोगांनंतर थांबवलं गेलं, मग त्याच मंडळींनी थिएटर अकॅडमी काढून पुन्हा उभं केलं. तेंडुलकर म्हणत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नाही. लोक ऐकायला तयार नव्हते, कारण नाव नानांचं होतं. खरं नाव घेतलंस की त्या नावाची माणसं प्रेक्षागृहात येऊन बसतात, हे लक्षात ठेवूनच घे. घाबरून मात्र गाळू नकोस. संहिता, प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठव आणि तुझी टिपणं जवळ ठेव, कुठलं वाक्य कुठून घेतलं त्याची.

भाषेचं एकच. ‘केसरी’तले अग्रलेख जसेच्या तसे संवादात उतरवलेयस. ते वाचायला लिहिलेले होते रे. टिळक जेवताना असं बोलत असतील, तर कुलकर्णी दुसऱ्याच दिवशी बदली मागेल.

पगडीवाल्याला इसार दिला नसशील तर आत्ता देऊ नकोस. नाहीतरी कोठडीत बसलेल्या माणसाला पगडी कशाला? आधी ताटाचा प्रवेश लिही. टिळकांना पाच वाक्यं, कुलकर्ण्यांना वीस. पुढच्या आठवड्यात घेऊन ये, मीच कुलकर्णी वाचीन.

तुझा,
सर