गजकर्ण, नायटा, शिबं... सगळं एकच का?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, गजकर्ण आणि नायटा एकच का, आणि त्यांची आई पाठीवरच्या शिब्यांनापण गजकर्णच म्हणते ते बरोबर का, शिवाय इंग्रजीत रिंगवर्म म्हणतात तर आत किडा असतो का.

गजकर्ण आणि नायटा एकच, फक्त नायटा हा शब्द लोक इसबालापण लावतात तिथे गोंधळ होतो. किडा अजिबात नसतो. बुरशी असते, बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन, ती कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिन खाते. एका ठिपक्यापासून चहूकडे बाहेर सरकत जाते, मधलं निवळतं आणि कडेला तेवढी लाल, खाजरी, उंचावलेली रेघ उरते, म्हणून गोल. डॉक्टरांचा टिनिया शब्दपण लॅटिनमधल्या अळीवरूनच आलाय.

संस्कृतात ह्याला दद्रु, हिंदीतलं दाद त्यातूनच. आणि आपण पाऊस लागला की आठळ्या घालून तायकिळ्याची भाजी करतो ना, म्हणजे मराठीतला टाकळा, त्याची संस्कृत नावं चक्रमर्द आणि दद्रुघ्न! चक्र म्हणजे हाच गोल चट्टा, तो चिरडणारा. मला हा शब्द फार आवडतो, आकार अचूक पकडलाय आणि नसलेला किडा आत घुसवला नाही.

शिबं मात्र वेगळं, आईंना तेवढं सांगा. ते मालासेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका वेगळ्या बुरशीमुळे होतं, ती सगळ्यांच्याच कातडीवर असते, आपल्याकडच्या दमट हवेत घाम आणि तेल मिळालं की वाढते. पांढरट नाहीतर तपकिरी डाग, खाज नावालाच, नखाने हलकं खरवडलं तर कोंड्यासारखा भुसा निघतो. औषधाने यीस्ट गेली तरी पांढरे डाग काही महिने राहतात, म्हणून लोकांना वाटतं औषध लागूच पडलं नाही. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या, त्यातपण बुरशी असते. खरूज मात्र बुरशी नाहीच, ती सूक्ष्म किडीमुळे होते.

शब्दाचा एवढा कीस का काढतेय, तर आमच्या शेजारच्या काकींनी फार्मसीत जाऊन नुसतं "खाजेचं मलम द्या" म्हटलं आणि स्टेरॉइड मिसळलेलं मलम मिळालं. चार दिवस खाज गेली, मग चट्टा दुप्पट पसरला आणि गोल कडपण पुसट झाली, त्यामुळे डॉक्टरांनापण पटकन ओळखता येईना, शेवटी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावी लागली.